लॅपटॉपचं वायफाय कार्ड अचानक बंद पडलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायफाय कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या आतला, वायफाय पकडणारा छोटा भाग. खालचे प्रश्न लोकांनी पाठवलेलेच आहेत, फक्त त्यातलं "दादा अर्जंट आहे" आणि हात जोडलेले इमोजी काढून टाकलेत. बहुतेक सगळे विंडोज १० किंवा ११ वाल्या लॅपटॉपचे आहेत, डेस्कटॉपवाल्यांनाही तेच लागू पडतं. सगळं वाचायची गरज नाही पण प्र. १ सगळ्यांनी वाचा, कारण बऱ्याच जणांचं कार्ड बिघडलेलंच नसतं.

१. वायफाय चालत नाहीये एवढंच कळतंय. कार्ड गेलंय, राउटर गेलाय की नेटवाल्याचंच बंद आहे, हे कसं ओळखायचं?

फोन घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा (हे हमखास विसरतात, फोन डेटावर चालत असतो आणि लोक शपथेवर सांगतात की वायफाय एकदम ओके आहे) आणि घरच्या वायफायला जोडून काहीतरी उघडून बघा. फोनवरही चालत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. राउटर बंद करून मिनिटभराने चालू करा, आणि त्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लागलेला असेल तर फायबरच कुठेतरी तुटलीय किंवा निघालीय, नेटवाल्याला फोन करा.

फोनवर चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर आता उलटं करा. फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. जोडला गेला आणि नेट चाललं तर कार्ड ठणठणीत आहे, भांडण लॅपटॉप आणि राउटरमधलं आहे, प्र. ९ आणि १० बघा. हॉटस्पॉटचं नावच दिसत नाही किंवा वायफायचं बटनच गायब आहे, तर प्र. २ पासून ओळीने चला. जोडलं जातं पण सारखं तुटतं त्यांनी प्र. ८ ला जा.

२. टास्कबारवर वायफायचं चिन्ह जाऊन पृथ्वीच्या गोळ्यासारखं काहीतरी आलंय, त्यावर क्लिक केलं तर वायफायचा ऑप्शनच नाही.

म्हणजे विंडोजला आत्ता चालू असलेलं कार्ड सापडत नाहीये. कार्ड मेलं असं लगेच धरून चालू नका. आधी एअरप्लेन मोड बघा. मग कीबोर्डवर वरच्या ओळीत टॉवर किंवा विमानाचं चित्र असलेलं बटन असतं, ते एकटं किंवा एफएन धरून दाबा. जुन्या लॅपटॉपना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला सरकवायचं छोटं स्विच असायचं, बॅगेत घालताना ते सरकतं आणि मालकाला ते स्विच आहे हेच माहीत नसतं.

मग स्टार्ट बटनावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडॅप्टर्स पसरवा. कार्डाच्या नावावर खाली बाण असेल तर कुणीतरी ते डिसेबल केलंय, राइट क्लिक करून एनेबल करा. कार्ड छान दिसतंय, बाण नाही त्रिकोण नाही, तरी वायफायचं बटन नाही? मग सर्व्हिसेस उघडून डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग (WLAN AutoConfig) नावाची सर्व्हिस चालू आहे का बघा. "पीसी फास्ट करा" छाप सॉफ्टवेअर टाकलेल्यांकडे ती बंद सापडते. स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करा आणि स्टार्ट करा.

३. चार वेळा शटडाउन करून चालू केलं तरी तेच. आता फॉरमॅट का?

थांबा, फॉरमॅट नको. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतंच, फास्ट स्टार्टअप नावाच्या प्रकारामुळे विंडोजचा आतला भाग डिस्कवर सेव्ह होतो आणि पुढच्या वेळी ड्रायव्हर (विंडोजला कार्डाशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर) तिथूनच परत उचलले जातात, अडकलेल्या अवस्थेसकट. म्हणून गंमत अशी की रीस्टार्ट हे शटडाउनपेक्षा जास्त खरं आहे. आधी साधं रीस्टार्ट मारून बघा.

तरी नाही झालं तर पूर्ण करंट काढायचा. लॅपटॉप बंद असला तरी मदरबोर्डवर थोडी वीज असतेच, आणि कार्डावरचा छोटा प्रोसेसर एकदा लटकला की त्याच विजेवर तो लटकलेलाच राहतो. मीडियाटेकच्या एमटी७९२१ सारख्या कार्डांना हे होताना खूप दिसतं, रात्री ठीक असतं आणि सकाळी कार्डच गायब. करायचं असं: शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा (याने खरं शटडाउन होतं), चार्जर काढा, माउस पेनड्राइव्ह सगळं काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि मग पॉवर बटन ४० सेकंद ते मिनिटभर दाबून धरा. मध्येच लाइट लागून लॅपटॉप चालू झाल्यासारखा वाटेल, बोट काढायचं नाही, तो परत बंद होतो. मग चार्जर लावून नेहमीसारखा चालू करा. काही लेनोवोंना खालच्या बाजूला टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असतं, त्यात टाचणी दाबली की हेच काम होतं. डेस्कटॉपवाल्यांनी भिंतीवरच्या बोर्डाचं स्विच बंद करून वायर काढा आणि मग बटन दाबा.

हा उपाय इतका फुकट आणि इतका वेळा चालणारा आहे की पुढचं काहीही करायच्या आधी हा झालाच पाहिजे. आणि चालला पण चार दिवसांनी परत तेच झालं, तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका आणि ड्रायव्हर नवा घाला (प्र. ६).

४. कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण आहे, आत कोड १० लिहिलंय. भावाच्या लॅपटॉपला कोड ४३ आहे. हे काय प्रकार आहेत?

कोड १० म्हणजे ड्रायव्हरने हाक मारली पण कार्ड सुरू होईना. प्र. ३ करा, त्यानंतरही राहिला तर ड्रायव्हर उडवून नवा घाला. कोड ४३ म्हणजे कार्डानेच सांगितलं की माझं काहीतरी बिनसलंय म्हणून विंडोजने त्याला थांबवलं, हा जरा वाईट, प्र. ३ आणि ड्रायव्हर दोन्ही करूनही टिकून राहिला तर कार्डावर संशय घ्यायला हरकत नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, कोड २२ म्हणजे डिसेबल केलेलं. कोड ४५ फक्त लपवलेली यादी दाखवल्यावर दिसतो, त्याचं उत्तर खाली.

५. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नावच नाहीये!! फक्त लॅनचं आणि कसलेकसले मिनीपोर्ट दिसतात.

"अदर डिव्हायसेस" खाली नेटवर्क कंट्रोलर असं काही दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर आनंदाची गोष्ट आहे, कार्ड जागेवर आहे फक्त ड्रायव्हर नाही.

तिथेही नसेल तर व्ह्यू मेनूतून शो हिडन डिव्हायसेस करा. कार्ड फिकट रंगात दिसलं आणि कोड ४५ असेल, तर पूर्वी कधीतरी ते होतं पण आत्ता विंडोजला ते भेटत नाहीये. मग ब्लूटूथ बघा. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच कार्डावर असतात पण मदरबोर्डशी दोघं वेगवेगळ्या वाटेने बोलतात. दोन्ही एकदम गेले तर कार्डाला वीज मिळत नाही, ते स्लॉटमध्ये सैल झालंय, किंवा मेलंय. फक्त वायफाय गेलं आणि ब्लूटूथवर गाणी वाजतायत तर कार्ड निदान जागेवर आहे आणि वीज पोचतेय.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) पण वायरलेस चालू-बंद करायचा ऑप्शन असतो, तो बघून घ्या. मात्र बायोसमध्ये काहीही बदलायच्या आधी तुमचा लॅपटॉप बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) लॉक आहे का ते तपासा आणि असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर हे आपोआप चालू असतं, आणि मग वायफाय राहिलं बाजूला, सगळा डेटाच कुलूपबंद होतो.

६. ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट लागतं आणि नेटच नाहीये. आणि कुठला ड्रायव्हर घ्यायचा?

अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला लगेच नेट येतं, आणि फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट केबलमधून येतं, डेटा खर्च होत नाही. ऑप्शन फिकट दिसत असेल तर केबल नुसती चार्जिंगची आहे, दुसरी लावा. आयफोनला विंडोजवर ॲपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो म्हणून आत्तापुरता घरातला कुणाचा तरी अँड्रॉइड मागून घ्या.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, खाली चिकटवलेल्या स्टिकरवरचा सिरियल नंबर टाकून घ्यायचा. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन कंपन्यांची कार्डं असतात, साइटवर तिन्हींचे ड्रायव्हर दिसतात आणि मग गोंधळ होतो. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अनोळखी डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडीज निवडा, त्यात व्हेन (VEN) या अक्षरांच्या पुढे चार अक्षरं-आकडे असतात. ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १६८सी क्वालकॉम अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम. झालं, आता कळलं कुणाचा घ्यायचा.

"सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट" वाली सॉफ्टवेअरं टाकू नका. फुकटात स्कॅन करून भीती दाखवतात, पैसे मागतात, आणि वर दुसऱ्याच कार्डाचा ड्रायव्हर घुसवतात.

७. अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवसापासून वायफाय बंद. जुना ड्रायव्हर परत कसा आणायचा?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅब, तिथे रोल बॅक ड्रायव्हर. ते बटन फिकट असेल तर जुना ड्रायव्हर विंडोजने ठेवलेला नाही, मग अनइन्स्टॉल डिव्हाइस करा आणि त्या खिडकीत ड्रायव्हर काढून टाकायची जी खूण असते ती लावा. ती न लावता काढलं तर रीस्टार्टनंतर विंडोज तोच बिघडलेला ड्रायव्हर परत बसवतो आणि तुम्ही मला मेसेज करता की काही फरक पडला नाही. मात्र त्याआधी कंपनीचा ड्रायव्हर डाउनलोड करून हाताशी ठेवा. मग तो टाका, आणि अपडेट काही दिवस पॉज करा.

विंडोज १० वाल्यांसाठी: त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. त्यामुळे कार्ड बंद पडत नाही, उगाच घाबरवणाऱ्यांचं ऐकू नका.

८. वायफाय जोडलेलं असतं पण दर थोड्या वेळाने कट होतं, विशेषतः लॅपटॉप झोपेतून उठला की.

विंडोज वीज वाचवायला कार्ड झोपवतं आणि काही कार्डं उठतच नाहीत. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, कॉम्प्युटरला हे डिव्हाइस बंद करू द्यायची जी खूण आहे ती काढा. नव्या लॅपटॉपवर हा टॅब कधीकधी नसतोच, मग कंपनीचा ताजा ड्रायव्हर आणि बायोस अपडेट एवढंच हातात राहतं.

नक्की कधी आणि का तुटतंय ते बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजीत टाइप करा: netsh wlan show wlanreport, असे चार शब्द, मधे स्पेस. मागच्या तीन दिवसांचा रिपोर्ट ब्राउझरमध्ये उघडण्यासारखा तयार होतो, कधी जोडलं, कधी तुटलं, कारण काय, सगळं. लाल दिसलेल्या वेळा स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या वेळांशी जुळल्या तर लॅपटॉपचा दोष नाही, मायक्रोवेव्ह वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंधळ घालतो. ५ गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोडा.

९. फोनमध्ये घरच्या वायफायची दोन नावं दिसतात, लॅपटॉपमध्ये एकच. कार्ड अर्धं बिघडलंय का?

नाही हो. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपमधली बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झची आहेत, त्यांना ५ वालं नाव जन्मात दिसणार नाही. उलटा प्रकार पण होतो. २.४ वर भारतात १३ चॅनेल चालतात पण अमेरिकेत विकलेल्या बऱ्याच लॅपटॉपची कार्डं ११ पर्यंतच बघतात, त्यामुळे मामाने न्यू जर्सीहून आणलेल्या लॅपटॉपला घरचं वायफाय एक दिवस दिसतं आणि एक दिवस नाही, कारण राउटर ऑटोवर असतो आणि स्वतःच्या मनाने १२ किंवा १३ वर जातो. राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ ठरवून टाका.

नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडत नाही, असं असेल तर राउटर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार) वर आहे का बघा, जुन्या कार्डांना ते झेपत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही मिक्स ठेवा.

१०. कनेक्टेड दाखवतं पण नो इंटरनेट. कार्ड तर चालू आहे मग प्रॉब्लेम काय?

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) मारा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही, तो आकडा विंडोजने स्वतःच लावून घेतलाय. राउटर रीस्टार्ट करा, आणि कुणी शहाण्याने वायफायच्या सेटिंगमध्ये आयपी हाताने टाकलाय का ते बघा. पत्ता १९२.१६८ वाला नीट असेल तर पुढचे संशयित: व्हीपीएन, अँटिव्हायरस, हाताने टाकलेला डीएनएस. आणि तारीख! जुन्या लॅपटॉप-डेस्कटॉपची मदरबोर्डवरची नाणं-बॅटरी (सीआर२०३२) संपली की तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटवर सिक्युरिटीचा आरडाओरडा करतो.

सगळं करून दमलात तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क रीसेट आहे. त्याने सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएन उडतात, आधी लिहून घ्या. प्र. २ ते ५ वाल्यांनी हे पहिल्याच झटक्यात करू नये.

११. राउटरच्या अगदी शेजारी बसलं तरच चालतं, आतल्या खोलीत एकही काडी नाही. आधी असं नव्हतं.

मागच्या महिन्याभरात कीबोर्ड, बिजागरी, स्क्रीन किंवा एसएसडी बदलून घेतलंय का? उत्तर बहुतेक वेळा हो असतं. कार्डावर दोन बारीक वायरी बसवलेल्या असतात, बहुतेक एक काळी एक पांढरी, त्या स्क्रीनच्या कडेतल्या अँटेनापर्यंत जातात. दुकानात उघडताना त्या निघतात आणि परत नीट बसत नाहीत, किंवा बिजागरीत चिमटून तुटतात. मागचं झाकण काढायची सवय असेल तर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग वायरीचं टोक बरोबर खुंटीवर ठेवून नखाने सरळ खाली दाबा, बारीक टक् असा आवाज येतो. तिरकं दाबलं तर खुंटी वाकते आणि मग कार्डच बदलावं लागतं. सवय नसेल तर ज्याने उघडलं त्याच्याकडेच घेऊन जा, त्याचंच काम आहे.

उघडलंच नसेल तर यूएसबी ३ ची हार्ड डिस्क काढून बघा, तिच्यातून निघणारा रेडिओचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो आणि सिग्नल खातो.

१२. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेलाय. दुसरा म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल. कुणाचं खरं?

पैसे द्यायच्या आधी एक टेस्ट करा. पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट लिनक्स सिस्टिम) टाका, त्यावरून बूट करून इन्स्टॉल न करता ट्राय निवडा. तिथे वायफाय चाललं तर कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही ठीक आहेत, गडबड विंडोजमध्ये आहे. उलटं मात्र खरं नाही, उबंटूमध्ये नाही चाललं म्हणजे कार्ड मेलं असं नाही, अगदी नव्या कार्डांना आणि काही ब्रॉडकॉमवाल्यांना तिथे आपोआप ड्रायव्हर मिळत नाही (प्र. १५ पण बघा). फॉरमॅट हा आपल्याकडे सगळ्या रोगांवरचा काढा झालाय, त्याने कधीकधी चालतं ते नवा ड्रायव्हर पडतो म्हणून, आणि ते काम प्र. ६ मध्ये फोटो न घालवता होतं.

१३. कार्डच बदलायचंय. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन कुठलं मागू?

आधी तुमच्यात कुठला स्लॉट आहे ते बघा. जुन्यात अर्धं मिनी पीसीआय एक्स्प्रेस, नव्यात एम.२ चं २२३० साइझ, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, तिथे प्र. १४.

इंटेलचं घेताना आकडा नीट वाचा. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं आहेत, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये पण चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, त्याच स्लॉटमध्ये बसतात, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या ठराविक प्रोसेसरमध्येच होतं, बाकी कुठे लावली तर काहीच दिसत नाही. एका आकड्याचा फरक आणि दुकानदार परत घेत नाही. आणि जुने लेनोवो, एचपी बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी ठेवायचे, बाहेरचं लावलं तर चालू होतानाच १८०२ किंवा १०४ नंबरचा एरर देऊन थांबतात. त्यांना त्यांच्याच कंपनीच्या पार्ट नंबरचं कार्ड लागतं.

१४. त्यापेक्षा यूएसबी डोंगल घेतलं तर?

घ्या, वाईट नाही. ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही) लिहिलेलं घ्या, नखाएवढी स्वस्त डोंगलं बहुतेक २.४ वालीच असतात. लावल्यावर नेट यायच्या ऐवजी सीडी ड्राइव्ह दिसली तर घाबरू नका, ड्रायव्हर त्यातच असतो, तो टाकला की डोंगल वायफाय म्हणून वागायला लागतं. डेस्कटॉपला मागे लावण्यापेक्षा छोट्या एक्स्टेन्शन केबलने बाहेर काढा. आणि जुनं आतलं कार्ड डिसेबल करा, नाहीतर दोघं मिळून गोंधळ घालतात.

१५. विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहे. विंडोजमध्ये वायफाय चालतं, लिनक्समध्ये गेलं की कार्ड गायब, कधीकधी चालतंही.

"कधीकधी" इथेच उत्तर आहे. विंडोजमधून शटडाउन करून लिनक्समध्ये गेलात तर फास्ट स्टार्टअपमुळे कार्ड अर्धवट अवस्थेत राहतं, रीस्टार्ट करून गेलात तर चालतं. फास्ट स्टार्टअप बंद करा (प्र. ३). तरी नाही तर टर्मिनलमध्ये आरएफकिल लिस्ट (rfkill list) बघा, सॉफ्ट ब्लॉक असेल तर कमांडने निघतो, हार्ड ब्लॉक असेल तर प्र. २ मधलं बटन किंवा स्विच.

१६. आम्ही रत्नागिरीला राहतो, दर पावसाळ्यात वायफाय जातं आणि दिवाळीला आपोआप येतं. हे शक्य आहे का?

आहे. समुद्राकाठी दमट खारट हवेने कार्डाच्या सोनेरी दातांवर थर बसतो. बॅटरीचा कनेक्टर काढून कार्ड बाहेर घ्या, दात पेन्सिलच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कचरा झटका, परत घट्ट बसवा आणि स्क्रू लावा. स्क्रू न लावलेलं कार्ड एका बाजूने उचललेलं राहतं. महिनोन् महिने कपाटात न ठेवता लॅपटॉप अधूनमधून चालू ठेवला तरी आतली ऊब दमटपणा कमी करते.

१७. ऑफिसमध्ये लॅनची केबल लावली की वायफाय आपोआप गायब होतं, काढली की परत येतं. प्र. १ ते १६ सगळं केलं.

सगळं करायची गरज नव्हती, हा बिघाडच नाही. एचपीच्या ऑफिसवाल्या लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये लॅन-डब्ल्यूलॅन स्विचिंग नावाचं सेटिंग असतं, केबल लागली की ते वायफाय बंद करतं. स्वतःचा लॅपटॉप असेल तर ते बंद करा (बिटलॉकरचं प्र. ५ मध्ये लिहिलंय). कंपनीचा असेल तर बहुतेक आयटीवाल्यांनी मुद्दाम लावलंय, बायोसला पासवर्डही असेल, त्यांनाच विचारा.